ऐनवेळचा विषय

दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प चिकटवून
सदतीस दिवस थांबलो,
तेव्हा महापालिकेतून ही झेरॉक्स हाती आली, कुमुदताई.
तीत तुमचं नाव आहे.
अनुक्रमांक त्रेपन्न, श्रीमती खळदकर कु. वि.,
पुढे एकच शब्द : बाजूने.

विषयपत्रिकेवर तो विषय नव्हताच.
ऐनवेळी आला, जेवणाच्या सुट्टीनंतर.
ठराव क्रमांक तीनशे अठरा :
दत्तवाडीचं प्रसूतिगृह, खाटा वीस,
तीस वर्षांच्या कराराने एका ट्रस्टला,
भाडं महिना एक रुपया.
सूचक, अनुमोदक, हात वर, संमत,
सभा तहकूब.
अकरा मिनिटं.
आमच्याकडे पाच किलो गहू निवडायला
याहून जास्त लागतात.

चिन्मय झाला त्या रात्री
तुमचे यजमान माझ्या गिरणीच्या पायरीवर बसून होते.
पहाटे यमुना साळवे, तिथली आया,
रस्ता ओलांडून आली : मुलगा. सव्वातीन किलो.
मी मोठ्या काट्याकडे बोट दाखवून म्हणालो,
एवढ्याने आमचा काटा हलायचा पण नाही.
हसलो होतो तिघं.
तुमच्या बाळंतपणाची नाचणी मी दळली,
पैसे घेतले नाहीत.
ते आज मागत नाहीये.

प्रचारात तुम्ही म्हणाला होता, सोनोग्राफीचं मशीन आणते.
मशीन आलं नाही. पत्रे आले,
निळे, फाटकाच्या या टोकापासून कालव्यापर्यंत.
गेल्या आठवड्यात फरजाना शेख कळा देत
रिक्षाने मंगळवार पेठेकडे निघाली.
स्वारगेटच्या सिग्नलला रिक्षावाल्याने मीटर बंद केलं.
पुढचं तिलाच विचारा.
बोलते ती.

आपली भाषाही बेरकी आहे, ताई.
हात वर केला म्हणजे मत दिलं.
हात वर केले म्हणजे, माझा काय संबंध.
तुम्ही दुपारी एक केलात
आणि संध्याकाळी ऑफिसात दोन्ही.

मग मी ती झेरॉक्स दरफलकाशेजारी लावली.
गहू आठ, ज्वारी आठ, डाळ बारा,
आणि तुम्ही, अनुक्रमांकासकट.
मार्करने रेघ मारली नाही.
लोकांना वाचता येतं.

शनिवारी डबा घेऊन तुम्ही स्वतः आलात.
एरवी ड्रायव्हर येतो.
कागद वाचलात, चष्मा न लावता,
म्हणजे आधीच कुणीतरी सांगितलं होतं.
काहीतरी म्हणालात.
पट्टा फिरत असताना इथे ऐकू येत नाही,
म्हणून मी मोटर बंद केली.
पुन्हा सांगा.
‘व्हिप होता हो, जयवंतराव.’
बंद गिरणीत ते वाक्य
पिठासारखं हळूहळू खाली बसलं,
डब्यांवर, खांद्यांवर, तुमच्या पर्सवर.

‘तेवढा कागद काढा,’ म्हणालात.
मी म्हटलं, रीतसर घेऊ. ऐनवेळचा विषय.
कागद काढावा असं ज्यांना वाटतं
त्यांनी हात वर करा.
रांगेत नऊ बायका होत्या,
हात डब्यांच्या कड्यांत.
एकीने पदर सावरायला हात उचलला
आणि घाईघाईने खाली घेतला.
कुणी हसलं नाही.
तुम्हीसुद्धा हात वर केला नाहीत,
हे मात्र मी लक्षात ठेवलं आहे,
तुमच्या बाजूने.

मग मोटर लावली. तुमचं दळण नीट बारीक काढलं,
चाळून दाखवलं. राग धान्यावर काढत नाहीत.
चाळीस झाले. तुम्ही पन्नास दिलेत,
मी दहा परत केले.
डबा उचलताना तुमचे दोन्ही हात गुंतले होते,
म्हणून दार मी धरलं.

कागद आहे तिथेच आहे.
त्यावर पीठ बसतं.
रोज सकाळी, मोटर लावायच्या आधी,
फडक्याने पुसून घेतो.