एक रबर कमी

हेल्दुरनं तीस वर्षं दलदल टिपली.
म्हणजे बहुतेक वेळा, काहीच नाही.
एमायोगी जिथं तळ्याला मिळते त्या बाजूला,
पहाटे तीनला, गुडघाभर बुटांत,
शेवाळावर माइक ठेवून
हा माणूस श्वास रोखून बसायचा
आणि घरी आणायचा
चाळीस मिनिटांचं काहीच नाही.
त्यात लांबवर एक क्रौंच.
बर्फाला जाणारा तडा.
एकदा त्याचंच पोट, गुरगुरलेलं.
तेही त्यानं पुसलं नाही.

ते सगळं आता सात जुन्या डिस्कांवर,
त्यातल्या दोन हल्ली टकटक करतात
कुणी आतून दार वाजवावं तशा.
"एका जागी नीट ठेवू," म्हणाला.
जागा म्हणजे कोठीची खोली,
काकड्यांच्या बरण्यांशेजारचा रॅक.
भिंतीपलीकडे आमच्या उशा.

पहिलं यंत्र कुठल्याशा बँकेतून निघालेलं,
स्वस्त, पाटाएवढं चपटं.
बटण दाबलं मात्र,
बोटभर लांबीचे सहा पंखे असे किंचाळले
की बरण्यांची झाकणं थरथरली
आणि खालची लेइली
झाडूच्या दांड्यानं छत ठोकू लागली.
हेल्दुर मान तिरकी करून उभा.
"बरंय की," म्हणाला. "फारसा नाही आवाज."

मी बरण्यांकडे बघत राहिले.
मग त्याच्याकडे.

त्या दिवसापासून निवड माझ्याकडे आली.
कुणी दिली नाही, कुणी मागितली नाही.
तो आकडे वाचायचा, मी कान द्यायचे.

टेप घेऊन कोठी मापली. दारापर्यंत बावन्न सेंटिमीटर,
आणि पेट्या सगळ्या पासष्टच्या,
जणू जगात कोठ्या फक्त बँकांनाच असतात.
मिळाली एक आखूड. पण उंच, चार खणांची.
उंच पेटीत थोराड पंखा मावतो
आणि थोराड पंख्याला धावावं लागत नाही.
डिस्का मिनिटाला पाच हजार चारशे फेऱ्यांच्या.
"सात हजारवाल्या जलद असतात," हेल्दुर.
"क्रौंचाला कसली घाई आहे?" मी.
प्रोसेसर गरीब, थंड डोक्याचा.
मेमरी मात्र महागातली, स्वतःच्या चुका स्वतः पकडणारी;
तिथं मी हात आखडता घेतला नाही.
सहा डिस्का अशा बांधल्या
की दोन गेल्या तरी उरलेल्या चौघी
गेलेल्यांचं सगळं जसंच्या तसं सांगतील.
हे वाचून दाखवताना तो मध्येच थांबला.
पाणी प्यायला, बहुतेक.

आणि रबर.
प्रत्येक डिस्केखाली चार, पंख्यांना वेगळे,
रॅकच्या पायांखाली जाड काळे.
जिथं लोखंडाला लोखंड भिडेल
तिथं मी रबर घातलं.

रात्री बाहेर उणे एकवीस.
यंत्र चालू. डिस्का अडतीस अंशांवर.
मी उशीवर, कानोसा घेत:
नळ. घड्याळ. लेइलीचा खोकला.
बास.
काय सांगू, मी हसले अंधारात.

सकाळी तो कोठीत,
पेटीवर तळहात टेकून,
पूर्वी शेवाळावर टेकायचा तसा.
"बंद पडलंय का ग?"
"नाही. चालू आहे."
"नक्की?"
हिरवा दिवा दाखवला.
त्यानं दिव्याकडे पाहिलं, मान हलवली,
हात काही काढला नाही.

दुपारी तो फार्मसीत गेला तेव्हा
स्क्रू-ड्रायव्हर घेतला
आणि तिसऱ्या डिस्केखालचा एक रबर काढला.

आता रात्री एक बारीक घूं येते, भिंतीतून.
मला.
त्याला सकाळी येते, तळहातात.
रबर माझ्या शिवणाच्या डब्यात आहे,
बटणांमध्ये.
लेइलीनं अजून झाडू उचललेला नाही.