तात्पुरतं

तुर्कूच्या बंदरात दुपारी तीनलाच दिवे लागतात.
तिसऱ्या मजल्यावर राकेलसमोर तीच लाल ओळ,
सकाळपासून अकराव्यांदा:
साखळीत अनोळखी सही.

ब्राउझर सगळं उघडतो, कुरकुर न करता.
पायथॉन दारातच अडून बसतो.
जावाची वही स्वतःची, नोडची निराळी,
गिटचं आणखी तिसरंच.
एका घरात चार चुली
आणि पाहुण्यांच्या याद्याही चार.

एन्सिओ कॉफी घेऊन येतो, उभ्या उभ्या वाचतो.
कंपनी प्रत्येक पाकीट फोडते, म्हणतो,
बघते, परत चिकटवते,
वर आपली मोहर मारते.
तुझी हत्यारं खोटं बोलत नाहीयेत.
पाकीट खरंच फोडलेलं आहे.

तपासणी बंद करायला एक शब्द पुरतो.
राकेलची बोटं त्या शब्दापर्यंत जातात.

तो अडवत नाही.
जुन्या कोडमधली एक ओळ फक्त शोधून दाखवतो:
तपासणी नको.
शेजारी बारा वर्षांपूर्वीचा शेरा: 'तात्पुरतं. ए. के.'

कोण हा ए. के.?

मी. रात्री जहाज सुटायचं होतं,
आणि घरी मुलगी तापाने फणफणलेली.

बारा वर्षं त्या दारातून
कोण आलं, कोण गेलं,
दाराने कुणाला हटकलंच नाही.

मग व्हासाला फोन. सुरक्षेतली सीव उचलते.
मूळ प्रमाणपत्राचा ठसा ती तिकडून वाचते, राकेल इकडून,
सात ए, शून्य चार, एफ एफ, नऊ तीन,
दोघी जणी हळू, जणू अंधारात
पायऱ्या मोजत उतरताहेत.

आणि यावर सही कुणाची? राकेल विचारते.
त्याचीच.
स्वतःच स्वतःचा साक्षीदार?
सगळ्यात वरचा नेहमी तसाच असतो.
मग हमी कोण देणार?
एन्सिओ फोनकडे हनुवटी करतो.
आणि तिची?
एकोणीस वर्षं आवाज ओळखतो मी तिचा.

ठसा जुळतो. चारही वह्यांत नाव चढतं.
जुनी ओळ राकेल पुसते, शेरा मात्र
क्षणभर तसाच ठेवते, मग तोही.

मुदत: नऊ वर्षांनंतरचा मार्च.
एन्सिओ बोटांवर काहीतरी मोजतो
आणि मोजणं मध्येच सोडून देतो.

राकेल फोन पुन्हा कानाला लावते.
सीव, मी राकेल.
माझा आवाज ऐकून ठेवा.

पडद्यावर हिरवं.
डॉकरच्या खोक्यात, आत कुठेतरी,
अजून लाल.