उलाळ

सीताबर्डीच्या फुटपाथवर साठ रुपयांना मिळालं.
कव्हर गेलेलं, भाषा जर्मन, मला ओळही लागत नव्हती.
पण आराखडे कळतात. आकडे कळतात.
साडेअठरा अंश. पस्तीस. पंचेचाळीस.
पान उलटावं तसा पंख आणखी मागं झुकत गेलेला.

ते घेऊन गेलो लहानूजी दुधलकरांच्या मांडवात.
वणेच्या या काठाला आता बैलगाडी कोणी करून घेत नाही,
जुनी चाकं ढाबेवाले नेतात, भिंतीला टांगायला.
शिवणीची फळी त्यांनी नखानं वाजवली,
चित्राकडं एक डोळा मिटून पाहिलं.
"पंख काहून मांगं पडले, मास्तर?"

वेगासाठी नाही, म्हटलं, निदान आधी तरी नाही.
इंजिनं ठरल्यापेक्षा जड आली,
तोल शेपटीकडं सरकला,
म्हणून पंख मागं वळवले.

"म्हंजे गाडी उलाळ झाली
अन् त्याईनं आख मांगं घेतला.
हे तं माह्या बापालेही येत होतं."

मग सांगितलं ते त्यांच्या बापाला येत नव्हतं:
विमान आवाजाच्या जवळ पोचलं की
पुढची हवा साचते, भिंतीसारखी होते,
सरळ पंख तिच्यावर आदळतो,
तिरपा थोडा उशिरा.
लहानूजी बोलले नाहीत.
रंधा तिरपा धरला आणि फळीतल्या गाठीवरून
न अडता नेला. साल सुटली, लांब, एकसंध.

तीन दिवसांत दोन जोड्या झाल्या.
पस्तीसवालं तयार होतं म्हणे, पण उडायच्या आधीच
जमिनीवर दुसऱ्या विमानाला धडकलं.
पंचेचाळीसवालं कागदातून बाहेरच आलं नाही.
लढाई हरले.

"अन् हे रिबेट? इतके रिबेट ठोकत कोन होतं?"

डोंगर पोखरून कारखाने केले होते, म्हटलं.
आत कैदी. उपाशी. पट्ट्यांचे कपडे.
नावांनी हाक नव्हती, नंबर होते.
किती मेले?
पुस्तकात तो आकडा असेलही,
मला वाचता येत नाही.

लहानूजींनी रंधा उलटा ठेवला. हात धुतले.
त्या दिवशी काम बंद.

प्रत्येक जुवाच्या खालच्या अंगाला ते खूण कोरतात,
दोन आडव्या रेघा, एक टिंब, बापाची.
तिसरी जोडी घ्यायला गेलो तेव्हा
पंख पालथे करून पाहिले.
तिथं नुसतं गुळगुळीत लाकूड.
"ज्याईनं केलं त्याईची खून माहीत नाही," म्हणाले.
पैसे घेतले, पूर्ण घेतले.

शाळेच्या जुन्या कूलरचा पंखा,
पत्र्याचा बोगदा, वैशाखातली दुपार.
पंखावर बायकोच्या लोकरीचे धागे चिकटवले,
उदबत्ती धरायला सातवीतली भाग्यश्री उईके.
लाईट चारला आली.
एकेक धागा निजला, मागं, शहाण्यासारखा.
टोकाजवळचा एक तेवढा
उभा राहून थरथरत होता.
"सर, हा बसत नाही," ती म्हणाली,
आणि धूर तिथंच फाटत राहिला.