पंखा तीनवर

आमच्या गावात शरद ऋतू झाडांवरून उतरत नाही.
पानं इथं फाल्गुनात गळतात,
पळस पेटायच्या जरा आधी,
आणि तेव्हा त्यांच्याकडे बघायला
कोणाला सवड नसते.

इथं तो बटणावर येतो.
मार्चपासून पाचवर अडकलेलं काळं बटण,
आकडे कधीचे पुसून गेलेले.
कोजागिरीच्या आगंमागं एका रात्री
मी अंधारात चाचपडत उठते
आणि दोन घरं मागे फिरवते.
कट्, कट्.

"काहून व? थंडी वाजली काय तुले?"

थंडी नाही. थंडीला अजून वेळ आहे.
पण मानेखालची उशी कोरडी आहे,
आणि हे सांगायला झोपेतल्या माणसाला
उठवावं का, ते मला ठरवता येत नाही.

दुपार अजून आपलंच खरं करते.
बारा वाजता गोठ्याच्या पत्र्यावर हात ठेवून बघा.
सोयाबीनचं कुटार अंगाला चावतं,
थ्रेशरवरची माणसं दुपट्ट्यात तोंड गुंडाळून
नुसत्या डोळ्यांनी फिरतात,
फाट्यावरच्या टपरीत बर्फ चहाच्या आधी संपतो.
महिन्याचं नाव बदललं म्हणून
ऊन कोणाची भीड ठेवत नाही.

तरी पाच वाजले की काहीतरी सैल होतं.
पोट्टे ओट्याच्या फरशीला
आधी एक अंगठा लावून बघतात,
मग बसतात.

तर, कूलर काढायचा होता.
गावासाठी आमचे हे वायंडिंगवाले दयारामभाऊ,
पाच गावांच्या मोटारी यांच्या हाताखालून गेल्या,
आणि घरचा कूलर मात्र
दिवाळी तोंडावर आली तरी खिडकीत.
"राहू दे न, तापन अजून एखादा दिवस."
यंदा मीच शेजारच्या यशोधराला बोलावलं
आणि जाळ्या उतरवल्या.
आतलं गवत कुजून काळं,
टाकीच्या तळाशी बोटभर पांढरा थर,
आमच्या खारपाणाने वर्षभर केलेली बचत.
आणि कोपऱ्यात एक बेडूक, जिवंत,
आमच्याकडे असा बघत
की भाडं वेळेवर भरतोय, आता काय झालं?

यशोधरा हसत हसत खालीच बसली.
मी पण बसले.
मग वर बघितलं तर खिडकी होती.
मार्चपासून तिथं खिडकी नव्हती, कूलर होता.
तिच्यातून थेट नाल्यापर्यंत दिसलं:
पऱ्हाटीला फुटलेली पहिली चार बोंडं,
तुरीचं दाट हिरवं,
आणि वर आभाळ,
धुताना हात चुकून
नीळ जास्त पडलेल्या सदऱ्यासारखं.

बेडूक हौदाकडे गेला. आम्ही चहा केला.

संध्याकाळी पोरी भुलाबाईची गाणी म्हणून गेल्या.
खिरापतीचा डबा हलवून हलवून
"ओलं का कोरडं? गोड का खारं?"
शेंगदाण्यापासून रव्याच्या लाडवापर्यंत सगळं सांगून झालं,
उकडलेले शिंगाडे कोणाच्या ध्यानात आले नाहीत.
सगळ्यात लहानी, तायड्यांची प्रांजली,
हरल्यावरही डब्याला कान लावून बसलेली.

आणि रात्री काय झालं सांगते.
कूलरचा घर्र नाही.
पावसाळ्यातही आम्ही तो बिनपाण्याचा चालवतो,
नुसत्या वाऱ्यासाठी,
त्यामुळे सात महिने या घरात
जे काही बोललो ते ओरडून बोललो.
वरणात मीठ कमी आहे, हे ओरडून.
पोराचा फोन आला होता, हे ओरडून.
गावाला वाटत असेल, यांचं पटत नाही.

आता रातकिडे ऐकू येतात,
वावरातून डुकरं हाकलणारा जागल्या,
त्याच्या डब्याचा ठण् ठण्,
आणि शेजारी एक माणूस कूस बदलतो तेही.

"झोपली काय?"
इतकं हळू, की मला आधी वाटलं
बाहेर कोणी आहे.
"नाही."
"चारवर करू?"
मी थोडा वेळ पंख्याचं पातं न् पातं मोजता येतं का ते बघितलं.
जवळजवळ येत होतं.

"करा," म्हटलं.
पण ते उठले नाहीत.