दहा सेकंद

ढोके सिस्टर दुकानात आल्या तेव्हा
हातात पिशवी, पिशवीत सीपीयू,
जिनिंगच्या वजनकाट्यावरून भंगारात निघालेला.
पंख्यात बोटभर रुई.
मी ब्रशने झाडायला लागलो तर म्हणाल्या,
"हळू. श्वास घेऊन राह्यलं ते."

चौतीस वर्षं लसी टोचल्या त्यांनी,
रोहणा, विरूळ, खरांगणा,
बर्फाची पेटी खांद्याला लावून.
आता पेन्शन, आणि डोळ्यांपुढे
हिरव्या-लाल मेणबत्त्या.
"शेअरचं सॉफ्टवेअर टाकाचं आहे, प्रफुल.
खाली कोणतं बसवू? भाचा म्हणते
पेंग्विनवालं घे, मावशी, फुकट असते."

मी रुळांचं सांगितलं.
पुलगावहून आर्वीला छोटी गाडी यायची ना,
तिचा डबा मोठ्या रुळावर चढत नसे.
डब्यात खोट नव्हती. रुळातही नव्हती.
दलालाचं सॉफ्टवेअर विंडोजच्या रुळाचं.
"मंग पेंग्विनवर नाहीच चालणार?"
एक जुगाड आहे म्हटलं, त्याचं नाव वाईन.
"बाप्पा! सारा वर्धा जिल्हा कोरडा,
अन् तू भर दुकानात वाईन टाकून देते!"

टाकून पाहिली तरी. चढली.
आलेख उमटला, रेघा हलल्या,
पण आकड्यांच्या जागी नुसते चौकोन, रिकामे,
लसीच्या कार्डावर राहून गेलेल्या डोसांसारखे.
सिस्टरना ते बघवेना.

मग विंडोज.
मंगळवारी सव्वानऊला बाजार उघडला
आणि निळ्या पडद्यावर ठिपके फिरू लागले:
अपडेट सुरू आहे, संगणक बंद करू नका.
फोन आला. "सत्तावीस टक्क्यांवर अडकलं रे.
कळा येऊन राह्यल्या, बाळ येईना."
साडेदहाला सुटका.
तोवर त्यांचा शेअर वर जाऊन खाली आला होता
आणि सिस्टरनी गवारीच्या शेंगा मोडून ठेवल्या होत्या,
दोन दिवसांच्या.

शेवटी दोन्ही टाकली,
एकाच हार्ड डिस्कवर, मध्ये धुरा घालून.
आता बटण दाबलं की काळ्या पडद्यावर
दोन ओळी, आणि दहापासून उलटे आकडे.
काही केलं नाही तर विंडोज, आपोआप.

महिन्याने गेलो, कीबोर्ड बदलायला.
नऊ वाजून दहा.
टेबलावर रेघा मारलेली वही,
तारीख, वेळ, घेतले, विकले,
आणि शेवटच्या रकान्यात
अठ्ठ्याण्णव पॉईंट सहा. नव्याण्णव. एकशे एक.
हे कोणत्या शेअरचे भाव?
"भाव नाही. ताप हाय.
बाजाराचा नाही, माहा. अंदाजानं लिहितो.
काल बाराशे गेले. रातभर तेच डोक्यात.
आज हात शिवशिवून राह्यले भरून काढाले.
अशा दिवशी मी पेंग्विन घेतो."
पण त्याच्यात तर सॉफ्टवेअर चालत नाही, सिस्टर.
"म्हणून तं घेतो."

दहा. नऊ. आठ.
सुईआधी दंडावरची जागा पुसतात तसा
पदराने त्यांनी पडदा पुसला.
सहा.
वरच्या ओळीवर पांढरी पट्टी,
बोट खालच्या बाणावर, टेकलेलं, दाबलेलं नाही.
गल्लीत संत्र्यांचा टेम्पो मागे येत होता,
त्याची पिपाणी थांबता थांबेना.
चार.
मी काही बोललो नाही. कोणाच्या नाडीवर
दुसऱ्याने हात ठेवू नये.
तीन.
पट्टी खाली सरकली.

मग त्यांनी पत्त्यांचा डाव लावला,
चहा टाकला, माझ्या पोरीचा बूस्टर राहिला का विचारलं.
इतकी वर्षं गिऱ्हाइकाला मी एकच विचारत आलो,
यात काय काय चालायला पाहिजे?

कीबोर्डचे साडेतीनशे झाले.
तीनशे दिले.
"पन्नास उद्या नेजो," म्हणाल्या,
"ताप उतरला तं."