चाळीस शब्द

मागच्या महिन्यात खोकल्याच्या औषधाचं पत्रक केलं,
त्याआधी मिक्सरचं. शब्दाला दोन रुपये.
आता दिंडोरीहून खोकं आलंय,
पेंढ्यात गुंडाळलेली एक बाटली, शिराझ,
आणि चिठ्ठी: पाठीमागच्या लेबलासाठी चाळीस शब्द,
मराठीत, शनिवारपर्यंत.
खाली गायधनींची सही, सहीखाली वेगळ्या शाईत:
पिऊन लिहा.

खोपटची खोली, पंखा तीनवर.
काचेचा पेला नाही, फुलपात्रात ओतली,
तर रंग दिसेचना. नुसती काळी विहीर
आणि कडेला एक जांभळी रेघ.
इंग्रजी कागदावर पहिलाच शब्द फुल-बॉडीड.
पूर्णदेही, लिहिलं. खोडलं. समाधीवर शोभेल.
धष्टपुष्ट. खोडलं. हा तर बाजारात उभा केलेला वळू.
भरदार लिहून थांबलो.
आवाज भरदार असतो, मिशा असतात,
घोट असतो का?
आणखी एक घेतला, खात्री करायला.
जीभ आधी मखमली झाली,
मग कुणी तिच्यावर ओली सुपारी घासावी तशी खरबरीत.
तुरट! हा एक शब्द आपला,
याला कुणाचं भाषांतर लागत नाही.

गायधनींना फोन केला. ते म्हणाले, आधी माती लिहा.
काळीत वेल माजतो, पानंच पानं.
आमचा उतार मुरमाड, कुदळ मारली की ठिणगी.
पाणी थांबत नाही, मूळ त्याच्या मागे खाली खाली जातं.
दिवसा ऊन असं की मण्याची साल जाडच व्हावी,
रात्री कादवेकडून गारठा,
वॉचमनसुद्धा कुत्र्याला कुशीत घेतो.
सालीतच सगळं असतं हो, गरात नुसती साखर.
फेब्रुवारीत पहाटे तीनला तोडणी,
कपाळाला दिवे लावून बाया ओळीत शिरतात,
कोण कुणाला हाक मारतंय पत्ता लागत नाही.
हे चाळीस शब्दांत कसं बसवू, विचारलं.
ते तुमचं काम, म्हणाले,
आणि कुणावर तरी ओरडत फोन ठेवला.

शुक्रवारी तळाशी उरलेली पिशवीत घालून उपवनला गेलो.
सुक्री वरठा येऊरवरून उतरते,
पळसाच्या पानांवर जांभळं, करवंदं, वाटा वीस रुपये.
बूच काढून तिच्या नाकाखाली धरलं.
तिनं डोळे मिटले. बराच वेळ.
"झाडाखाली रातभर पडलेलं जांभूळ," म्हणाली,
"सकाळी मुंग्या लागायच्या आत उचललेलं.
नि लांब कोनीतरी पाचोळा पेटवलाय."
मिरी नाही येत? इंग्रजीत मिरी लिहिलीय.
"मिरी तुमच्या घरात."
मग म्हणाली, रिकामी झाली की बाटली आन.

एकोणचाळीस शब्द झाले, निम्मे तिचेच.
पैसे आले अठ्ठ्याहत्तर.
त्यातल्या साठांची जांभळं घेतली, शर्टाला डाग पडला.
लेबल छापून आलं तेव्हा
जांभूळ होतं, मुंग्या नव्हत्या, पाचोळा नव्हता,
आणि सगळ्यात वर ठळक देवनागरीत:
फुल-बॉडीड.

परवा ती बाटली दिसली,
सुक्रीच्या पाटीला टेकून उभी,
कागद घासून काढलेला, बुचाऐवजी चिंधी,
आत मध.
कसा आहे, विचारलं.
"अंगाला लागतो," ती म्हणाली,
आणि स्कूटरवरच्या बाईला करवंदं मोजून देऊ लागली.