ओ

डिसेंबरात वार्डोला सूर्य उगवत नाही.
दुपारी बाराला बंदरावर थोडी निळाई येते,
ट्रॉलरचे दिवे तेवढ्यापुरते फिके पडतात,
मग पुन्हा रात्र.

अशा दिवसांत टोर्डिस दवाखान्यात आली
उन्हात भाजल्यासारखी.
"कारखान्यात सगळ्याजणी विचारतात,
कनारी बेटांवर कुणाबरोबर गेली होतीस?"
हसली. मग हसणं थांबवून म्हणाली,
"घासून पाहिलं. दगडानंसुद्धा. निघत नाही."

अंगात लोह साठत असेल, असं आधी वाटलं.
यकृत पाहिलं, थायरॉइड पाहिलं.
कसल्या जुन्या गोळ्या घेतल्यास का? नाही.
बी-ट्वेल्व्ह कमी? रोज मासे खाणारीला?
एकेक कारण खोडत गेले
आणि शेवटी कागदावर लिहिलं: विश्रांती.

तिसऱ्या खेपेला नवरा बरोबर आला.
आर्विद, जाळी दुरुस्त करणारा,
बोलायची सवय नसलेला.
दारातूनच म्हणाला, "ही मीठ खाते."
सगळेच खातात की.
"तसं नाही. रात्री उठून. मुठीनं.
कॉडच्या पिंपातलं जाडं मीठ."

मी तिचे हात उलटे करून दिव्याखाली धरले.
तळव्यावरच्या रेषा शाईनं गिरवलेल्या.
ऑक्टोबरात सुरीनं कापलेला अंगठा,
जखम भरली होती, काळी.
ओठ वर कर म्हटलं.
हिरड्यांवर करडे-निळे डाग,
ओहोटीनंतर खडकावर राहिलेल्या शिंपल्यांसारखे.

ऊन हिरड्यांपर्यंत पोचत नाही.

मूत्रपिंडांच्या डोक्यावर दोन टोपडी असतात, इवलीशी.
तिची सुकून गेली होती.
शरीर मिठाला जागत नव्हतं,
खाईल तेवढं लघवीवाटे घालवत होतं.
आणि मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी एक ग्रंथी
त्या टोपड्यांना हाका मारत होती.
खालून कुणी ओ देईना.
मग आणखी जोरात. आणखी.
त्या हाकेतलं थोडं त्वचेला ऐकू जातं.
शेवटी त्वचेनंच ओ दिली,
तिला एकच येते: काळी.

आर्विदला हे सांगितलं.
तो बराच वेळ टोपी फिरवत राहिला.
"म्हणजे घरात कुणीतरी महिनोन्‌महिने ओरडत होतं,
आणि मी रेडिओ ऐकत होतो."
मी गप्प. विश्रांती हा शब्द
माझ्याच अक्षरात समोर पडलेला.

गोळ्या लहान, पांढऱ्या. जन्मभर.
ताप आला तर दुप्पट, विसरायचं नाही.

जानेवारीत सूर्य समुद्रावर आला,
नखाएवढा, सात-आठ मिनिटं.
शाळा सुटली, बेकरीनं जॅम भरलेले पाव वाटले,
गाव धक्क्यावर तोंड वर करून उभं.
सगळ्यांच्या चेहऱ्यांवर ऊन चढत होतं,
टोर्डिसच्या चेहऱ्यावरून थोडं थोडं उतरत होतं.
अंगठा मात्र अजून तसाच.

तिनं पावाचा घास घेतला,
सवयीनं खिशातून मिठाची पुडी काढली,
बघितली,
परत ठेवली.